धोंड्याचे वाण तेहतीस अनारशांचेच असावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या १७ मे ते १५ जून २०२६ या काळात अधिक ज्येष्ठ येत आहे आणि जावयाला यंदा काय घालायचे, याची चर्चा आमच्या निपाणी भागात आतापासूनच घरोघरी सुरू झाली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अधिक मास हा मुळात हिशेबाचा महिना आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल मागे पडणारे हे सुमारे अकरा दिवस साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी, ज्या चांद्रमासात सूर्याचे राशिसंक्रमण होत नाही तो महिना अधिक धरून त्यांची भरपाई केली जाते. तसे केले नसते, तर दिवाळी सरकत सरकत ऐन पावसाळ्यात आली असती. इंग्रजी कालगणनेत हेच काम २९ फेब्रुवारी करते. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये लीप वर्षात स्त्रीने पुरुषाला लग्नाची मागणी घालावी, अशी जुनी रूढी आहे. नकार देणाऱ्याने तिला हातमोजे किंवा रेशमी झगा द्यावा, असेही तिकडे सांगत. तिकडच्या वाढीव दिवसाने निदान मुलीला बोलण्याची मुभा दिली. आपल्याकडे या महिन्यात लग्नमुंजी निघत नाहीत खऱ्या, पण वाढीव महिन्याचा भार मुलीच्या आईबापावरच पडतो, हे मला फार सलते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दाजींना वाण दिले जाई, ते मला लख्ख आठवते. आई तांदूळ तीन दिवस भिजवी, रोज पाणी बदली, मग ते फडक्यावर सावलीत पसरून दमट असतानाच उखळात कांडी. गूळ घालून मळलेले पीठ मुरले की ती खसखशीवर अनारसा थापी आणि मंद आचेवर तुपात सोडी. एखादा हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, की तिचा जीव खालीवर होई, कारण तेहतीस पुरे भरले पाहिजेत. तांब्याच्या ताटात ते अनारसे, वर एक पेटलेले निरांजन आणि पुरणाच्या धोंड्यांचे जेवण, एवढेच ते वाण. दाजी अनारसे घेऊन गावी जात आणि त्यांच्या गल्लीत ते वाटले जात.

२०२३ च्या अधिक श्रावणात मी काय पाहिले, तेही सांगते. आमच्या शेजारी विड्या वळून घर चालवणाऱ्या एका विधवा बाईंनी बचत गटातून कर्ज काढून धाकट्या जावयासाठी चांदीचे ताट आणि अंगठी घेतली. मी अडवू पाहिले, तेव्हा मांडीवरचे सूप बाजूला न ठेवताच त्या म्हणाल्या, "बाई, थोरल्याला घातलंय. आता धाकट्याला न्हाई घातलं तर पोरगीनं सासरी तोंड कसं दाखवायचं?" यावर मला काही बोलता आले नाही. पुढे दिवाळी सरली, तरी त्यांचे हप्ते चालूच होते. यंदाचा अधिक तर पेरणीच्या तोंडावर येत आहे. बियाणे, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च याच दिवसांत असतो.

मुलीच्या आईबापाने आपण होऊन वाण साधे करणे अवघड आहे, कारण बोल मुलीला लागतो. म्हणून पहिला शब्द जावयांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी काढला पाहिजे. "आम्हाला अनारसेच हवेत" असे त्यांनी महिना लागण्यापूर्वीच कळवावे. गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात, तसा हा महिनाही आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या घरी याच दिवसांत असतो, तेव्हा ही विनंती त्यांनाही आहे. असे कळवणाऱ्या जावयांची पत्रे आपण या सदरात छापावीत, अशी कळकळीची विनंती आहे.

माझ्या जावयांचा तसा निरोप गेल्या आठवड्यात आला. तांदूळ मी १७ मेनंतर भिजत घालणार आहे, आणि जे अनारसे हसतील, तेही यंदा तेहतिसांत मोजणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
निपाणी, जि. बेळगाव