डबे रिकामे पाठवत नाहीये

पुणे, शनिवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तिन्ही डबे पाठवतोय. डिंकाचे लाडू संपले. अळिवाचे शेवटचे चार मीच जागरणाला खाल्ले, त्यामुळे नक्की बाळंतीण कोण हे सोसायटीत कुणाला कळत नाहीये. मोठ्या डब्यात बाकरवडी, मधल्यात बाबांच्या तीन महिन्यांच्या गोळ्या. पत्र गोळ्यांखाली ठेवलंय, म्हणजे बाबा मोजायला बसले की हाती लागेल. फोनवरच सांगणार होतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि समोर काकू.

तर, मी ऑपरेशन करून घेतलं. नसबंदीचं. गेल्या महिन्यात "ऑफिसचं काम आहे, सोमवारी बोलू" म्हणालो होतो ना, त्या शनिवारी. खोटं बोललो, माफ करा. जागा बधिर करतात, एक बारीक छिद्र, टाका नाही, वीसेक मिनिटांत मोकळं. दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला. आठवडाभर जड उचललं नाही, गाडी चालवली नाही. तीन महिन्यांनी एक तपासणी, ती नीट आली की झालं. अशक्तपणा वगैरे काही नाही. बाबा, तुम्ही विचारणार नाही म्हणून मीच लिहितो, बाकी सगळं पहिल्यासारखंच आहे. (आई, हे वाक्य तू वाचलं नाहीस.) पुन्हा जोडता येतं म्हणतात, पण खात्री नसते. ते धरूनच केलं.

रेवाच्या वेळचं निम्मं तुम्ही पाहिलंत. बीपी 170 वर, 34 व्या आठवड्यात सिझर, 1 किलो 800 ग्रॅमची पोर 16 दिवस काचेत. आई, तू रोज दोन बस बदलून डबा आणायचीस आणि दारातच उभी राहायचीस. उरलेलं निम्मं तू सव्वा महिन्यानंतर गावी गेल्यावर झालं. तू गेलीस म्हणून नव्हे, हे आधी वाच. पहिले दोन आठवडे उगाच रडू येतं ते बऱ्याच जणींना येतं आणि जातं. अनुजाचं गेलं नाही. रेवा झोपली तरी ही जागीच. एकदा रात्री तीनला गॅलरीत उभी होती. मला बघून म्हणाली, "मला इथे उभं राहायची भीती वाटते, आत ने." आपण आठव्या मजल्यावर राहतो.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. दहा प्रश्नांचा एक कागद असतो, तो तिने भरला. मी शेजारी बसून तिची उत्तरं वाचत होतो आणि यातलं एकही मला माहीत नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, अंगावर पाजताना चालतील अशा. आता पुष्कळ बरी आहे. परवा भांडली माझ्याशी, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. इतकं बरं वाटलं!

दुसऱ्या खेपेला बीपी पुन्हा वाढू शकतं, हे दुखणंही परत येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. येईलच असं नाही. 'दुसरं नकोच' असंही ते म्हणाले नाहीत. ते आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांच्या नावावर ढकललं असतं तर सोपं गेलं असतं, पण तुमच्याशी आधीच एक खोटं बोलून झालंय.

आई, तू म्हणालीस, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मी तेव्हा हो म्हटलं. मग रात्री मला आपलं मागचं अंगण आठवलं. धाकटी दोन-तीन महिन्यांची, तू आडाशी बसलेली. मी हाका मारत यायचो आणि आजी मला उचलून न्यायची, "आत्ता नको रे, दमलीय ती." मग एक दिवस आजीने आडावर फळ्या टाकून कुलूप लावलं. मला वाटायचं, मी पडेन म्हणून. तू काही सांगायलाच हवं असं नाही. तेव्हा तुझा पदर धरून नुसता बसायचो, आत्ता तेवढंच करावंसं वाटतंय.

"तुझंच का, तिचं का नाही?" हे काकू विचारतील, तू नाही. तुझं झालं शाळेच्या खोलीत लागलेल्या कॅम्पमध्ये आणि चौथ्या दिवशी तू हंडा उचललास. तेव्हा कुणी विचारलं नाही की बाबांचं का नाही. बाबा, रागावू नका, सगळीकडे हेच आहे. तुम्हाला आकडे लागतात म्हणून देतो. 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुषांचं 0.3 टक्के.

आणि अप्पांचं मला माहीत आहे. 1976 ला, आणीबाणीत, मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावायचे, आणि ते शेवटी स्वतःच जाऊन बसले. कोणाच्या दारात जाऊन हात जोडण्यापेक्षा ते बरं वाटलं असेल त्यांना. घरात तो शब्द निघाला की तुम्ही उठून ओट्यावर का जाता, हे मला कळतं. पण मला कोणी नेलं नाही, बाबा. मी रिक्षा करून गेलो.

पोर एकटी पडेल म्हणाल. पडेल कधी कधी. पण आम्ही दोघं भावंडं असून बाबांच्या मोतीबिंदूला मी येणार आणि धाकटी मेलबर्नहून व्हिडिओवर सूचना देणार. (तिला हे वाचून दाखवू नका.)

मोतीबिंदूची तारीख दिवाळीआधीचीच घ्या, 'थंडीत बघू' नको. आई, गुडघ्यांचं कारण सांगून चालणं बंद केलंयस ते मला कळलंय. माळ्यावर चढायचं नाही, स्टूल मी आलो की जाळणार आहे. मोलकरणीला पोळ्याही सांग, पैसे मी पाठवतो. चांगल्या होत नाहीत तिच्या, ठाऊक आहे. खा.

अनुजाला फोन कर. ऑपरेशनचं काढू नकोस, नुसतं जेवलीस का विचार. ती वाट बघते, कबूल करत नाही. रेवा आता 6 किलो 300 ग्रॅम. तुझ्या जुन्या नऊवारीच्या दुपट्याशिवाय झोपत नाही, धुवायला टाकलं तर घर डोक्यावर घेते. अजून एक शिवून ठेव.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, बीपीची गोळी आता कंपनी बदलून आली आहे. रंग वेगळा आहे, गोळी तीच. केमिस्टशी वाद घालायला जाऊ नका.