क्रूझीच्या पोटातला डीएनए

साओ पाउलो,
१८ ऑगस्ट

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

"जो आजार आपल्याकडे नाहीच, त्याच्यामागे इतकी वर्षं कशाला?" हे तू विचारलंस तेव्हा तुझ्या दवाखान्यात कुणाची तरी म्हैस रेकत होती, आणि असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येतही नाही. म्हणून या शागास आजाराबद्दल हे पत्र. कंटाळलीस तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस.

आजाराची गोष्ट तुला ठाऊक आहे. १९०७ साली ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातल्या लासान्स गावी कार्लोस शागास हा डॉक्टर गेला होता रेल्वेमार्गाच्या कामावरचा मलेरिया आवरायला. तिथं मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या, रात्री रक्त पिणाऱ्या किड्यात त्याला हा परजीवी दिसला, आणि मग १९०९ साली बेरेनिस नावाच्या छोट्या मुलीच्या रक्तात. ओस्वाल्दो क्रूझ या आपल्या गुरूच्या नावावरून त्यानं त्याचं नाव ठेवलं ट्रिपॅनोसोमा क्रूझी. किडा रक्त पिता पिता तिथंच हगतो, आपण खाजवतो आणि विष्ठेतले परजीवी आत शिरतात. पुढे कित्येक वर्षांनी काही जणांचं हृदय फुगतं. हे झालं डॉक्टरांचं. मला सांगायचंय ते पेशीच्या आतलं.

बीएस्सीला आपण काय घोकलं होतं? प्रत्येक जनुकापुढे प्रमोटर म्हणजे चालू-बंदची कळ, ती चालू झाली की आरएनए म्हणजे जनुकाची नक्कल, नाही तर नाही. या पठ्ठ्याला ते मान्यच नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेली जनुकं त्याच्या गुणसूत्रांवर लांबच्या लांब रांगेत असतात आणि आख्खी रांग एकदमच आरएनएत उतरते. मग त्या आरएनएचे तुकडे होतात आणि दुसरीकडे तयार झालेला ३९ अक्षरांचा एकच एक तुकडा प्रत्येकाच्या डोक्याला चिकटवला जातो. कुठला संदेश टिकवायचा, कुठला मोडीत काढायचा, कशापासून प्रथिन बनवायचं, हे सगळं नंतर ठरतं. किड्याच्या आतड्यात एक रूप, माणसाच्या रक्तात दुसरं, पेशीत शिरल्यावर शेपटी आखडलेलं गोल तिसरं. एवढी स्थित्यंतरं तो मुख्यतः या नंतरच्या निवडीवर पार पाडतो. मला याचं अजूनही नवल वाटतं. इतकी उधळपट्टी करणारा जीव टिकलाच कसा?

आणि कायनेटोप्लास्ट! त्याचा एकुलता एक मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, आणि त्यात हजारो छोटी डीएनए-वर्तुळं आणि काही डझन मोठी, सगळी चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली; हे जाळं म्हणजेच कायनेटोप्लास्ट. मोठ्या वर्तुळांवर श्वसनाची जनुकं आहेत, पण त्यांतली कित्येक अर्धवट, जशीच्या तशी वाचली तर निरर्थक. १९८६ साली ॲमस्टरडॅममध्ये रॉब बेन आणि सहकाऱ्यांना आढळलं की या कुळातल्या परजीवींच्या एका आरएनएत 'यू' हे आरएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर चार वेळा जास्त आहे, ते डीएनएत कुठंच नाही. मागाहून घातलेलं. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराच्या ट्रिपॅनोसोमात तर एका संदेशाचा निम्म्याहून अधिक भाग असा मागाहून भरलेला सापडला. काय भरायचं ते सांगणारे छोटे आरएनए येतात बहुतेक त्या छोट्या वर्तुळांवरून. ही वर्तुळं हजारोंनी असल्यामुळेच रक्ताच्या थेंबातल्या मोजक्या परजीवींचा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीनं, माग लागतो. चिली-पेरूच्या किनाऱ्यावरच्या नऊ हजार वर्षं जुन्या ममींतही याच डीएनएवरून हा आजार ओळखला गेलाय.

आता तुझ्या गोठ्याकडे येते. तुझ्या जनावरांना होणारा सर्रा ज्याच्यामुळे होतो, तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी याच घराण्यातला. त्यानं ती मोठी वर्तुळं पार गमावलीत. रक्तातल्या साखरेवर त्याचं भागतं, आणि माश्या त्याला नुसत्या तोंडाला लावून इकडून तिकडे नेतात. २००४ साली तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, ते तुझ्या लक्षात असेल. माणसाच्या रक्तात एपीओएल१ नावाचं प्रथिन असतं, ते सर्र्याला मारतं. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड होता, म्हणून त्याच्यात ते प्रथिन नव्हतंच. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. तेव्हा "आपल्याकडे नाही" हे जरा जपून म्हण, बाई.

क्रूझीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून, २००५ साली प्रसिद्ध झाला, पण तुकड्या-तुकड्यांत. निम्म्याहून जास्त भाग पुनरावृत्तीचा, त्यात निवडलेला वाण संकरित. कुठला तुकडा कुठं जोडायचा, हे कळेना. ही पुनरावृत्ती आहे बरीचशी पृष्ठभागावरच्या प्रथिनांची. त्यातलं ट्रान्स-सियालिडेज माझं लाडकं. क्रूझीला सियालिक ॲसिड ही पेशींवरची साखर बनवता येत नाही. मग आपल्या पेशींवरचं तोडून घेतो आणि स्वतःच्या अंगावर चढवतो. चोर तो चोर, वर आपलेच कपडे घालून फिरतो.

प्रयोगशाळेत मात्र यानं फार छळलं. झोपेच्या आजाराच्या आफ्रिकेतल्या चुलत्यात आरएनएआय हे तंत्र चालतं, जनुक गप्प करून बघता येतं. यानं ती यंत्रणाच टाकून दिलीय. क्रिस्पर, म्हणजे डीएनए कापून बदलण्याचं तंत्र, २०१४ नंतर याच्यावर चालायला लागलं तेव्हा कुठं आमचे दिवस बरे आले.

औषधं दोनच, तीही आपल्या जन्माआधीची. बेंझनिडाझोल परजीवीच्याच एका एंझाइमनं सक्रिय होतं. त्या एंझाइमच्या जनुकाची एक प्रत गेली तरी औषधाचा जोर कमी होतो. पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या औषधावर सगळ्यांची फार भिस्त होती. २०१४ साली स्पेनमधल्या चाचणीचे निकाल आले, आणि बहुतेकांच्या रक्तात परजीवी परत दिसला. २०१८ मध्ये आणखी एक कोडं पुढे आलं. पेशीत दडलेले काही परजीवी आपणहून विभाजन थांबवतात, आणि औषधाचा लांब कोर्स झाला तरी जिवंत राहतात. ते कुठल्या इशाऱ्यावर थांबतात? डीएनएकडे बघून उत्तर मिळेल असं मला वाटत नाही, कारण हा जीव निर्णय तिथं घेतच नाही. ते नंतरच्या कापाकापीत आणि निवडीत शोधायला हवं. मी इथं अडकून पडलेय ती यासाठी.

एक काम कर. पावसाळ्यानंतर सर्र्याची जनावरं आली की क्विनापायरामीननं किती बरी होतात आणि किती परत येतात, ते वहीत टिपून ठेव. आणि काकूंना सांग, दिवाळीला येतेय, या खेपेला मुक्काम तुमच्याकडेच.

तुझी,
मीना