स्कॅनची फिल्म नको, मूळ डेटा द्या

महोदय,

पोटातील महाधमनीचा व्यास साधारण 2 सेंटिमीटर असतो. तो फुगून 3 सेंटिमीटरला पोचला की डॉक्टर त्या फुग्याला ॲन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांमध्ये 5.5 सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो. माझ्या थोरल्या मामांचा फुगा पहिल्या स्कॅनमध्ये 5.2 होता, सहा महिन्यांनी दुसऱ्या केंद्रात तो 5.5 भरला. फुगा खरोखर वाढला की मोजणारा हात बदलला, हे फिल्म पाहून सांगता येईना. आणि पहिल्या केंद्राकडे मूळ डेटा, म्हणजे स्कॅनच्या संगणकीय फाइल्स, मागितला तेव्हा ‘फिल्म दिली आहे ना’ एवढेच उत्तर मिळाले.

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या डिझाइनचे काम करतो. पॅटर्न करायला टाकण्याआधी धातू साच्यात कसा भरेल, तो थंड होताना आक्रसून कुठे पोकळी (श्रिंकेज) येईल आणि तयार भागावर भार पडल्यावर ताण कुठे एकवटेल, हे आम्ही संगणकावर पाहून घेतो. नुसता व्यास मोजून आमच्याकडे साधा पंप हाउसिंगसुद्धा पास होत नाही. सीटी स्कॅनचे काप एकावर एक रचून धमनीचा त्रिमितीय आकार उभा करायचा, त्याचे हजारो बारीक घटक पाडायचे, रुग्णाचा रक्तदाब त्यात घालायचा आणि भिंतीवरचा ताण काढायचा, ही त्याच जातीची पद्धत आहे. एकाच व्यासाच्या दोन फुग्यांत ताण वेगळा निघतो, कारण एक सरळ असतो आणि दुसरा एका अंगाला फुगलेला. 5.5 च्या आतले काही फुगे फुटतात, मोठे काही वर्षानुवर्षे टिकतात, याचे एक कारण इथे आहे.

अर्जेंटिनाचे सर्जन हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, धमनीत बसवला, तेव्हापासून अनेकांचे पोट उघडणे टळले. मात्र वळणावर रक्ताचा जोर ग्राफ्टला सतत ढकलत असतो. तो सरकला किंवा कडेने रक्त झिरपू लागले तर फुग्यावर पुन्हा दाब येतो, म्हणून तपासणी जन्मभर करावी लागते. हा जोर किती आणि कोणत्या दिशेला, याचाही अंदाज मॉडेलवरून बांधता येतो. अंदाजच म्हणतो, कारण भिंतीची जाडी स्कॅनमध्ये नीट दिसत नाही आणि तिची ताकद माणसागणिक बदलते. निर्णय सर्जननेच घ्यावा. फक्त त्याच्यासमोर एकच आकडा नसावा.

परंतु 5 मिलिमीटर जाडीच्या कापांतून आकार पायऱ्यापायऱ्यांचा येतो. 1 मिलिमीटरच्या आसपासचे काप लागतात, आणि फिल्मवरून तर मॉडेल होतच नाही. तेव्हा स्कॅन केंद्रांनी संपूर्ण डेटा न मागता रुग्णाच्या हाती द्यावा आणि कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयाने शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांना सोबत घेऊन, रुग्णांच्या संमतीने, हे काम सुरू करावे, अशी विनंती आहे. सिम्युलेशन जाणणारी माणसे कोल्हापुरात शोधावी लागणार नाहीत.

मामांना ग्राफ्ट बसवून तीन आठवडे झाले आहेत. महिन्याच्या स्कॅनला जाताना पेन ड्राइव्ह मी घरूनच नेणार आहे.

– एक वाचक, कोल्हापूर