बेसमेंटमधला मुक्काम आणि दादाचं ‘बघू’

प्रिय आई-बाबा,

फोनवर दादासमोर हे बोलले असते तर वादच झाला असता, म्हणून लिहितेय. दादाच्या आयोवातल्या (अमेरिका) घरात तुमची खोली बेसमेंटमध्ये, थंडीमुळे खिडक्या बंद, बाबा तर जेवायला वर येतात तेवढंच, म्हणजे त्या घरातली खालची हवा सगळ्यात जास्त तुम्ही दोघंच घेताय. त्या घराची रेडॉनची टेस्ट झालीये का? मी विचारलं तर दादा ‘बघू’ म्हणाला, आणि त्याचं बघू आपल्याला माहितीये.

रेडॉन म्हणजे किरणोत्सारी गॅस. जमिनीत थोडंफार युरेनियम असतंच, त्याच्यापासून तो तयार होतो आणि फरशीच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून घरात शिरतो, थंडीत घर बंद आणि गरम असलं की तर आणखीच ओढला जातो. वास नाही, रंग नाही, त्यामुळे आई, ‘मला तर काही जाणवत नाही’ हे चालणार नाही. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत सिगारेटच्या खालोखाल कारण हेच, वर्षाला २१ हजारांच्या आसपास मृत्यू असा तिथल्या ईपीएचा, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेचा, अंदाज आहे. सिगारेट ओढणाऱ्याला तर धोका कितीतरी जास्त (बाबा, सोडलीत ते उत्तमच, पण आधीची वर्षं पुसली जात नाहीत).

आणि आयोवा म्हणजे ईपीएच्या नकाशात ९९ च्या ९९ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सगळ्यात वरच्या धोक्याच्या पट्ट्यात. बाबा म्हणतील नेरुळला खाडीपलीकडे बीएआरसी, ते अणुसंशोधन केंद्र, तिथे काय झालं? अहो त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हा जमिनीतून येतो. आपण चौथ्या मजल्यावर, खिडक्या बारा महिने उघड्या, आणि आपल्याकडचा काळा दगड, त्यात युरेनियम फारच कमी.

शेजारच्यांची टेस्ट ठीक आली म्हणून दादा निवांत आहे, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांतही आकडे वेगळे येतात. किट दुकानात मिळतं, त्यात कोळशाची डबी असते. ती तुमच्याच खोलीत स्टुलावर ठेवायची, खिडकी आणि हीटरच्या जाळीपासून लांब, त्यावर लिहिलंय तेवढे दिवस, साधारण दोन ते सात. आधीचे बारा तास आणि ते सगळे दिवस घर बंद हवं, म्हणजे आई, फोडणी दिली की तू मागचं दार सताड उघडतेस ना, ते तेवढे दिवस नको. झालं की त्याच दिवशी लॅबला पोस्ट करा, कारण रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, डबी टेबलावर आठवडाभर पडली तर रिझल्ट बोंबलला.

आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर (हे किरणोत्सार मोजायचं माप) किंवा त्याच्या वर आला तर परत एकदा टेस्ट, आणि तोही तसाच आला तर माणूस बोलवून फरशीखालून पाइप आणि पंखा बसवायचा, खालची हवा ओढून छपरावर सोडतो. आणि दादाकडचं पाणी स्वतःच्या बोअरचं आहे ना, गावात तसंच असतं, मग हवेत आकडा जास्त आला तर पाण्याचीही टेस्ट करायला सांगा, त्यातूनही येतो.

घाबरू नका, चार-सहा महिन्यांत लगेच काही होत नाही. पण दादा-वहिनी तिथेच राहणार आणि पोरांची खेळणी सगळी खालीच. रिझल्ट येईपर्यंत तुम्ही वरच्या हॉलमध्ये झोपा, वहिनीशी मी बोललेय, सोफा-कम-बेड आहे म्हणाली. बाबांचा टीव्हीही वर न्या.

सोसायटीचा मेंटेनन्स भरलाय, पावती व्हॉट्सअॅपवर टाकते.

तुमची,
ताई