फुगा खालून बघायला या

राजेंद्रनगर, इंदूर

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी "मांडवला बलून बघून आलो" एवढंच म्हणाले आणि आईने लगेच विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" मग बोलणं गुडघ्याच्या गोळ्यांवर गेलं ते तिथेच राहिलं. म्हणून हे पत्र. एक आग्रहही करायचाय, तो पुढे करते.

इंदूरहून मांडव, म्हणजे मांडवगड, शंभर किलोमीटरच्या आत आहे. थंडीत उत्सवाच्या दिवसांत तिथे गरम हवेचे फुगे उडवतात. आमच्या कॉलनीतली डॉक्टर मैत्रीण आणि तिचा नवरा वर जाणार होते, बाकी आम्ही खालचे. पहाटे अंधारातच निघालो, डब्यात सेव-जिरावण घातलेले पोहे घेऊन.

इतक्या लवकर का, हे मी पायलटला विचारलं. ऊन चढलं की जमीन तापते, ठिकठिकाणी हवा वर उसळायला लागते आणि फुगा आवरत नाही. म्हणून सूर्योदयानंतरचे पहिले दोनेक तासच कामाचे. त्याने आधी एक छोटासा फुगा सोडला आणि तो कसकसा वळतो ते मान वर करून बराच वेळ पाहिलं. मोठ्या फुग्याला सुकाणू नसतं. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशेने वाहतो. वर-खाली होत पाहिजे तो वारा गाठायचा, एवढंच त्याच्या हातात असतं.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. नायलॉनचं भलंमोठं कापड शेतात आडवं पसरलं, वेताची टोपली आडवी करून त्याला जोडली आणि मोठ्या पंख्याने आधी साधी थंड हवाच आत भरली. कापडाचं तोंड उघडं धरायला दोघे लागतात, त्यातली एक मी होते! समोर सगळा रंगीत बोगदा फुगत होता. मग पायलटने बर्नर सुरू केला. प्रोपेन गॅसची ज्वाळा माणसाहून उंच, आवाज छातीत घुमणारा, आणि चेहऱ्यावर एकदम धग. तोंडाजवळचं कापड आग न धरणारं, वेगळंच असतं. दोन-चार मिनिटांत फुगा उठून उभा राहिला. पलीकडे शेंड्याचा दोर धरून एकजण मागे रेलला होता, तो एकदम उसळू नये म्हणून.

तुम्ही सातवीच्या वर्गात विचारायचात, "धूर उचलतो की गरम हवा?" १७८३ साली व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा वर पाठवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंनाही धूरच उचलतो असं वाटायचं, हेही तुम्हीच सांगितलं होतं. मी तिथे उभ्या उभ्या हिशेब केला. एक घनमीटर थंड हवा साधारण १.२ किलो, तीच शंभर अंशांपर्यंत तापवली की ०.९४. घनमीटरमागे पाव किलोचा फरक. चार-पाच माणसांच्या फुग्यात तीन हजार घनमीटर हवा मावते, म्हणजे पाऊण टन उचलण्याची ताकद! तुमचं गणित डोळ्यांसमोर जमीन सोडून वर गेलं, तेव्हा मला फार भरून आलं.

वरून काय दिसलं ते मैत्रीण लिहील तेव्हा लिहील. आम्ही जीपमधून मागे. ही मंडळी वॉकीटॉकीवर बोलत, आकाशाकडे बघत, गाडीरस्त्यांनी फुग्याचा माग काढतात. बर्नर बंद असला की वर इतकी शांतता असते की खालच्या कुत्र्यांचं भुंकणंही ऐकू येतं म्हणे.

मला विचाराल तर उतरणं हाच खरा पाहण्याचा भाग. सगळीकडे गहू आणि हरभरा उभा, त्यात विजेच्या तारा. पायलटने एक हिरवं शेत सोडलं, दुसरं सोडलं, आणि सोयाबीन निघाल्यावर मोकळं राहिलेलं एक वावर धरलं. वर सगळ्यांनी गुडघे वाकवून दोराच्या कड्या घट्ट पकडल्या. टोपली टेकली, उसळली, पुन्हा टेकली आणि थोडी फरपटत जाऊन आडवी झाली. पायलट लाल दोर ओढून धरून होता. त्याने शेंड्याची झडप उघडते आणि गरम हवा निघून जाते. आई, कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मैत्रीण रांगत बाहेर आली ती हसतच होती.

कुठून कुठून पोरं धावत आली. शेताची मालकीणही आली. आमच्या लोकांनी आधी तिची परवानगी घेतली, मगच जीप बांधाच्या आत आणली. हे मला फार आवडलं. कापडातली हवा दाबून काढायला तीही पोरांबरोबर बसली, आणि गादीत कापूस ठासावा तसं ते अख्खं धूड आम्ही सगळ्यांनी मिळून पिशवीत कोंबलं. निघताना तिने ओल्या हरभऱ्याची जुडी हातात दिली.

आता आग्रह. बाबा, २६ नोव्हेंबर २००५ चा शनिवार आठवतो? उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून फुग्यातून निघाले, २१ हजार मीटरवर जाऊन विक्रम केला आणि आपल्याच सिन्नर तालुक्यात पंचाळ्याला उतरले. सदुसष्ट वर्षांचे होते. "आपल्या तालुक्यात फुगा उतरला आणि मी वर्गात फळा पुसत होतो," ही तुमची हळहळ मी किती वर्षं ऐकली. आणि आता दिवाळीत म्हणालात, "आता कुठे जायचं नि काय बघायचं." ते मला लागलंय.

टोपलीत बसायला जागा नसते, तासभर उभं राहावं लागतं आणि कठड्यावरून चढून आत जावं लागतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांचं ते काम नाही, म्हणून आईसाठी वर जाण्याचं नावही काढत नाही. पण खाली खुर्ची टाकून फुगा भरताना बघायचं, मग जीपमध्ये बसून त्याच्या मागे जायचं, यात चढणं-उतरणं काहीच नाही. जीपमध्ये पुढची सीट आईची.

पुढच्या थंडीत या. धुळे-सेंधव्यावरून आलात तर धामनोदलाच उतरा, तिथून मांडव जवळ आहे. जावई गाडी घेऊन येतील. मुक्कामाची खोली तळमजल्यावरची घेऊ. आई, डॉक्टरांना प्रवासाचं विचारून ठेव आणि कानटोप्या आणा, पहाटे वारा बोचतो. बाबा, कोणता आठवडा सोयीचा ते आधी मला कळवा, म्हणजे सुट्टी टाकते.

तुमची,
सुमी