श्रावणात मासे मोजायला आलात होय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या माणसाच्या ताटातून मासे आणि पालेभाज्या गेल्या असं प्राध्यापकांच्या सर्व्हेत दिसलं, ही तुमची कालची बातमी वाचता वाचता चहा निवला माझा. त्या सर्व्हेत आमचंही घर आहे हो! सर्व्हेवालं पोरगं आलं ते श्रावणातल्या मंगळवारी, हातात मोबाईल, त्यात फॉर्म. मागच्या सात दिवसांत मासे किती वेळा खाल्ले? म्हटलं बाबा श्रावण आहे, एकदाही नाही. टाकलं शून्य. त्याच्या आधी १ जून ते ३१ जुलै बोटींना बंदी, तेव्हा आम्ही मे महिन्यात भरून ठेवलेली सुकट नि बोंबील काढतो, शिवाय पहिल्या पावसात वळगणीचे, म्हणजे ओढ्यातून शेतात चढणारे, मासे असतातच, पण हे सांगायला गेले तर म्हणे काकी ते सात दिवसांच्या बाहेर जातं.

मग भाजीवर आठवड्याला खर्च किती. काहीच नाही म्हटलं, कारण अळू विहिरीमागचं, पडवळ नि दोडकी मांडवावरची, कुर्डू सासूबाई बांधावरून खुडून आणतात. परत शून्य! म्हणजे आम्ही नुसता भात गिळतो असं झालं आणि तेच तुम्ही छापलंत. आणि हे सगळं तो आमच्याच पडवीत बसून अळूवडी खात खात लिहीत होता, दोनदा मागून घेतली.

आमचे धाकटे भावजी सरकारी सॅम्पल सर्व्हेत फिल्डवर होते म्हणून मला थोडं कळतं. मासे-भाजीचं तेही सात दिवसांचंच विचारतात, पण घरं वर्षभर वाटून घेतात. त्यांचा खर्चाचा एक सर्व्हे ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ चालला, त्यात श्रावण आला तसा शिमगाही आला. आणि विकतचं, घरचं, फुकट गोळा केलेलं असं वेगवेगळं लिहून घेतात. सरकारला जे सुचतं ते शिकल्यासवरल्या प्राध्यापकांना सुचू नये?

जमिनीचं तर विचारूच नका. एकर किती? अरे आमच्याकडे कुणगे आहेत, म्हणजे भाताचे छोटे तुकडे, हिशेब गुंठ्यात, आणि सातबारावर अजून आजेसासऱ्यांचं नाव, खाली सतरा वाटेकरी, त्यातले बारा मुंबईला. त्याने ह्यांच्या नावापुढे शेतकरी लिहिलं, माझ्यापुढे गृहिणी. लावणी कोणी केली ते विचारलंच नाही.

तुमचा वार्ताहर तरी एकदा येऊन विचारायचा होतात. अजूनही पाठवा, पण नोव्हेंबरात, आणि दुपारी एकच्या सुमारास. बांगड्याचं तिखलं असेल, मोजून घे म्हणावं.

आणि हो, रविवारची पुरवणी आमच्याकडे मंगळवारी येते, तीही कधी कधी शब्दकोड्याचं पान नसलेली. ते जरा बघा.

आपली वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये, गावात चर्चा नको)