गच्चीवरचे मासे, गच्चीवरचा पालक

विश्रामबाग, सांगली

प्रिय संज्या,

परवा फोनवर घाईत धड बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पुण्यात गच्चीवर मासे आणि भाजी एकत्र करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. माशांच्या टाकीतलं तेच पाणी भाजी लावलेल्या खडीच्या बेडमधून फिरून परत येतं. उन्हानं उडालेलं आणि झाडांनी प्यायलेलं तेवढंच भरायचं. जतला टँकरच्या रांगेत वाढलेल्या आपल्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आणायची घाई करू नकोस. इथं आधी जिवाणू पाळायचे असतात. मासे अमोनिया टाकतात, तो साठला की मासेच मरतात. खडीवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते पालक, पुदिना घेतो. ही वस्ती बसायला 4 ते 6 आठवडे जातात, थंडीत जास्तच. तोवर टाकीत मासे न सोडता थोडा थोडा अमोनिया घालायचा आणि थेंबांच्या किटनं पाणी तपासत राहायचं; मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते. घातलेला अमोनिया दिवसभरात संपला, नायट्राइटही शून्यावर आलं आणि नायट्रेट दिसलं, की मग मासे. माझ्या बेडमधली पोतंभर ओली खडी घेऊन जा. विरजणासारखी लागते, वेळ वाचतो.

बाकीची खडी काळ्या दगडाचीच घे. शंका आली तर व्हिनेगरचे थेंब टाक. फेस आला तर दगडात चुना आहे, तो पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, चढवणार आणि चढलेल्या पीएचला अमोनिया जास्त घातक. 7 च्या आसपास ठेव. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, ते आधी घालवायची सोय कर.

मासे सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, घे. तिलापियाला परवानगी लागते. हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवाच. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले तर ऑक्सिजन कमी पडलाय, आधी खाद्य बंद कर. पालकाचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी आहे. माशांच्या खाद्यातून ते पुरत नाही, चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून राहणारं लोह, द्यावं लागतं. भाजीवर कीटकनाशक मात्र अजिबात नको, ते थेट माशांपर्यंत जातं.

आणि टाकी घेण्याआधी स्लॅब इंजिनिअरला दाखव. 1000 लिटर पाणी म्हणजे 1 टन, खडीचं वजन वेगळं. तो हो म्हणाला की कळव, पोतं भरून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप